रिकामी बादली

आमच्या इमारतीत त्यांना सगळे काटेवाले काका म्हणतात. उभी हयात त्यांनी ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर काढली. निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा बरं, म्हणून कचरा समितीने त्यांच्या हातात किलोकाटा दिला. समितीने म्हणजे मी. ही अक्कल माझीच.

रोज सकाळी दारोदार जायचं, ओल्या कचऱ्याची बादली तोलायची, प्लास्टिकच्या पिशव्या बघायच्या आणि महिनाअखेरीस सगळ्यात कमी कचरा करणाऱ्या घराचं नाव जिन्याजवळच्या फळ्यावर लिहायचं. अन्न वाया जाऊ नये, नाले तुंबू नयेत, एवढाच हेतू होता. काकांनी मात्र ते फारच मनावर घेतलं. बादलीत नुसतं डोकावून ते घरातलं सगळं सांगायचे. पहिल्या मजल्यावर नवरा-बायकोचं वाजलंय, कारण कालची भाजी दोघांनीही खाल्लेली नाही. मला तर चारचौघांत विचारायचे, "वहिनी, तुमच्याकडे काय पलटण येते जेवायला?" मी ओशाळायचे आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ मोजून घ्यायचे. वर्षभरात इमारतीचा कचरा निम्म्यावर आला, हे खरं.

तळमजल्यावर त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. शाळेत शिकवण्यात जन्म गेलेला, लग्न केलं नाही, आई गेल्यावर या धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. ताईंची बादली आधीपासूनच हलकी. मग ती रिकामीच यायला लागली. दुधाच्या पिशव्याही दिसेनाशा झाल्या. काकांची छाती फुगली. फळ्यावर ताईंचं नाव लागलं, पुढच्या महिन्यात पुन्हा लागलं. आम्ही जिन्यापाशी जमून टाळ्या वाजवल्या. ताई शाल घट्ट लपेटून खुर्चीत बसल्या होत्या, हसत होत्या. त्या किती वाळल्यात हे मला दिसलं होतं. वयाचं असेल, असं स्वतःला सांगून मी गप्प बसले. त्याचा मला आजही संताप येतो.

एकदा काकांनी माझ्यादेखत दारातूनच विचारलं होतं, "ताई, घरून डबा पाठवू का?"

"नको रे. उगाच टाकून द्यावं लागेल."

काका माझ्याकडे वळले. "बघितलंत? याला म्हणतात शिस्त!"

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ताईंनी दार उघडलं नाही. काकांकडे किल्ली होती. ताई स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या सापडल्या. डब्यांतलं पीठ, तांदूळ, सगळं काठोकाठ भरलेलं होतं आणि त्यात किडे झाले होते.

अन्ननलिकेत गाठ आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. अडीच महिने घास उतरतच नव्हता; बाई कोऱ्या चहावर जगल्या. आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असंही ते म्हणाले. 

दवाखान्यात खाटेशी बसून काकांनी ताईंना विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. त्याच दिवशी तू फळ्यावर नाव लावलंस." ताईंना दम लागत होता. "सगळ्यांना हाका मारून दाखवत होतास. म्हटलं, तुझा आनंद कशाला मोडू? पुढच्या महिन्यात सांगू."

नवव्या दिवशी ताई गेल्या.

काका आता हे काम सोडतील, असं आम्हाला वाटलं. पंधरा दिवसांनी ते पुन्हा दारोदार यायला लागले, पण तोलत काहीच नाहीत. बादली भरलेली असली तर नुसती बघून पुढे जातात. रिकामी असली की बेल वाजवतात आणि काल काय जेवलात, कोण कोण जेवलं, ते विचारतात. लोक वैतागतात. परवा वरच्या मजल्यावरचा तरुण भाडेकरू भडकलाच, "तुम्हाला काय करायचंय हो, मी काय खातो त्याच्याशी?"

काका उंबऱ्यावरून हलले नाहीत. त्यांनी हात जोडले होते.

"सांग बाबा," ते म्हणाले. "सांग, म्हणजे जातो."