टेबल भाऊजींचं, कोडी लोकांची

लग्न होऊन या घरात आले आणि भिंतीपलीकडचं पहिलं भांडण ऐकलं ते माझ्या मोठ्या दिरांचं आणि जाऊबाईंचं.

"कचेरीत वरच्या मजल्यावर जागा देतायत तर जा की! जन्मभर नुसतं बाहेरूनच बघणार, आत काय लिहिलंय ते वाचणार नाही?"

"वाचणं माझं काम नाही."

"मग माझ्या वडिलांना कशाला सांगितलंत, गुप्त खात्यात आहे म्हणून?"

"खातं गुप्त आहे. मी नाही."

भाऊजींच्या कचेरीत पकडलेले सांकेतिक संदेश यायचे. उलगडणारे वर बसत. भाऊजी फक्त पद्धत ओळखून ते वर पोचवायचे. मला त्यांनी एकदा फळीवरचे डबे दाखवून समजावलं. अक्षरांच्या जागा हलवल्या, तर डबे इकडचे तिकडे झाले. नेहमीची अक्षरं नेहमीइतकीच दिसतात, शब्द तेवढा लागत नाही. एका अक्षराऐवजी दुसरं घातलं, तर झाकणांची अदलाबदल. भलतंच अक्षर उठसूट डोकावतं. आणि सगळीच अक्षरं सारख्याच वेळा दिसली, तर आपली पाठ वळली की कुणीतरी झाकण बदलतंय. माझी शाळा जेमतेम, पण डबे मला कळतात.

मग नवे साहेब आले. त्यांना हे टेबल फुकटचं वाटे. त्यांनी नमुन्याचे संदेश समोर मांडले. सगळे ओळखले तर टेबल राहील, एक जरी चुकला तर टेबल बंद आणि भाऊजी घरी.

भाऊजी एकेक ओळखत गेले. शेवटच्यात भलत्याच अक्षरांची गर्दी होती.

"अक्षरबदल," ते म्हणाले.

"हे कोडंच नाही," साहेब म्हणाले. "परक्या भाषेतलं साधं पत्र, आपल्या अक्षरांत लिहिलेलं. हवा बरी आहे म्हणतोय."

"साधं पत्र माझ्या टेबलावर येतंच कशाला?"

"तेही खरंच," साहेब म्हणाले, आणि टेबल गेलं.

जेवताना भाऊजींनी हे सगळं सांगितलं. जाऊबाई वाढता वाढता थांबल्या. "म्हणजे एकदा तरी आतलं कळलं तुम्हाला!"

"त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी भाऊजी घरी बसायचं सोडून नेहमीसारखे कचेरीत गेले. टेबल उचलायला माणसं आली तेव्हा सकाळची पाकिटं येऊन पडली होती. भाऊजींनी खिडकीच्या कट्ट्यावर कागद पसरून अक्षरं मोजली, पाकिटांवर पेन्सिलीनं पद्धत लिहिली आणि जिना चढून वर गेले. "यात नुसत्या जागा हलवल्यात," म्हणून उलगडणाऱ्यांच्या हातात पहिलं पाकीट दिलं, बाकीची समोर ठेवली, सही घेतली आणि खाली आले.