आखाजीच्या आधीचा आंबा

प्रमिलाबाईंना समुद्र बघायचाच नव्हता. पण विहिणीचं अख्खं घर त्यांना समुद्र दाखवायच्या मागे लागलं होतं, आणि त्याला कारण त्यांचीच जीभ. गुहागरला पोचल्या पोचल्या लेकीनं, दीपमालानं, दारातच विचारलं होतं, "नानानी धाडं का तुले?"

वडिलांनी पाठवलं का? आता खरं काय सांगणार कपाळ! दोंडाईच्याजवळच्या त्यांच्या गावातून निघताना त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "पोरीले आखाजीले लई येस." म्हणजे घेऊन येते. रुपचंदनाना खाटेवरून मानसुद्धा न वळवता बोलले, "जा, समुद्र देखी ये." बाईंनी तेच लेकीपुढे केलं. "समुद्र देखाले उनू वं माय." लेकीचं तोंड एवढंसं झालं.

दीपमालानं परजातीतला, परमुलखातला नवरा आपल्या मनानं केला, तेव्हापासून बापाच्या तोंडी तिचं नाव नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी यायची तर माहेरचा मुराळी तिला न्यायला जावा लागतो. बोलावणं नाही तर लेक येत नाही, आणि तिनं येऊही नये. सख्खा भाऊ नवल घरात असून नानांनी त्याला एकदाही धाडलं नाही. शेवटी आईच मुराळी होऊन निघाली. बाईमाणूस कधी मुराळी होतं का? पण निघाली.

तर जावयानं सासूबाईंना किनाऱ्यावर नेलं. "बघा आई, किती शांत आहे!"

शांत? बाईंना काही दिसेना शांत. ते पाणी बापडं घटकाभर स्वस्थ बसत नव्हतं, रुसलेल्या सुनेसारखं नुसतं आत-बाहेर, आत-बाहेर. सुरूची झाडं झाली, सुपारीच्या बागा झाल्या, देऊळ झालं. एवढं हिरवं पाहून डोळे निवतात म्हणे. यांचे कसले निवतात! परवा आखाजी. गावात निंबाला झोके बांधले असतील, शेजारच्या कोकिळाच्या पोरी येऊन पोचल्या असतील, कुंभाराकडून घागर घरी आली असेल. ती घागर पितरांची. ती नाना आपल्या हातानं भरायचे, आणि गावाला आग लागली तरी त्या दिवशी उंबरा सोडायचे नाहीत. लेकीला घेऊन आजच निघायला हवं होतं, आणि विषय काढायलाच धीर होत नव्हता.

घरी परतल्या तर ओटीवर आंबाच आंबा. दीपमाला पेंढा घालून पेट्या भरत होती, गड्यांवर तिथल्या हेलात ओरडत होती. ही आता इथलीच झाली, बाईंच्या मनात आलं.

जेवायला विहीणबाईंनी आमरसाची वाटी पुढे केली.

"नको."

सकाळी फोडी आल्या होत्या, तेव्हाही नकोच म्हटलं होतं. आता विहीणबाईंचा पारा चढला. "का हो? आमचा हापूस काय विष आहे?"

"तसं नाही हो! आमच्याकडे आखाजीला घागरीवर आंबा ठेवून पितरांना दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही."

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अगो बाई! म्हणजे म्हणून होय! ही तुमची लेक दिवसभर आंब्यात असते, पण अक्षय्य तृतीयेपर्यंत एक फोड खाईल तर शपथ. मी म्हणत्ये, हिला आंबा सोसत नसेल. आणि त्या दिवशी मागीलदारी तांब्या भरून ठेवते, वर आंबा ठेवते, मग खाते. खाताना डोळ्यांतून धारा. विचारलं तर म्हणते, चीक उडाला."

दीपमाला खाली मान घालून ताटातला भात चिवडत राहिली.

प्रमिलाबाई उठल्या. हात धुतला न धुतला, अंगणात जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"काय, देखा का समुद्र?" नाना.

"चुल्हामा गया तुमना समुद्र! तुमनी आंडेर, तुमनी पोर, आंबानी राशीमा बशेल शे, पन आखाजीना पहिले फोड तोंडमा घालत नही. लोकना घरमा तुमना बापना नावना तांब्या भरस ती. आन तुम्ही तिनं नाव लेतस नही! मी काय आते येत नही. घागर भरा आन बसा एकला!" बाईंचा आवाज चिरकला, तरी त्या थांबल्या नाहीत. "मुराळी कोनी धाडाले पाहिजे? मी? का बापनी?"

बाईंना वाटलं, ठेवला फोन मेल्यानं. मग नाना खाकरले.

"दीपा... रडस का ती?"

"तर काय हसस?"

बाई तुळशीपाशी उभ्या जागी पाय बदलत राहिल्या.

"नवलले सांगस मी. तो भरी घागर," नाना म्हणाले. "तू फक्त सांग, तठे कोनती गाडी येस?"