शेजारच्या घरातलं रडणं

नीलांबरी नाशिकची. उमेदीची सगळी वर्षं तिनं एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासले. समोरच्याचं आधी खोटंच धरायचं, मग खरं निघालं तर निघू द्यायचं, हा स्वभावच होऊन बसला. नवरा शहाजी कतारमध्ये रास लफानच्या गॅस प्रकल्पात लागला आणि ती दोहाला आली. इथे तिला नोकरी काही मिळाली नाही, स्वभाव मात्र बरोबर आला.

एका सकाळी शेजारच्या फ्लॅटमधून मुलीचं रडणं ऐकू आलं. मध्येच थांबायचं, एक बाई काहीतरी दरडावायची, की पुन्हा तस्संच रडणं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिथे अमिना राहायची, युगांडाची, शहराच्या वेस्ट बे भागातल्या हॉटेलात कामाला. लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे दोघींची ओळख नव्हती. बाल्कनीत लाल डागांची चादर वाळताना दिसली आणि नीलांबरीची खात्रीच पटली, या बाईनं कुणा मोलकरणीला कोंडून ठेवलंय. नसत्या भानगडीत पडू नकोस, असं शहाजीनं फोनवर बजावलं. तरी ती खाली जाऊन इमारतीच्या वॉचमनला, उस्मानला, घेऊन आली.

अमिनानं दार उघडलं. खिडक्यांना काळं कापड, मधोमध कॅमेरा, आणि कपाळावर रंगवलेली जखम घेऊन एक मुलगी चहा पीत बसलेली. भुताच्या तीन गोष्टींचा मिळून एक सिनेमा चालला होता. तिघी जणी एकेक गोष्ट करणार होत्या, सगळ्या आफ्रिकेतून दोहात नोकरीला आलेल्या. नीलांबरीला तरीही पटेना. तुला कोंडून ठेवलंय का, असं तिनं त्या मुलीला पॅसेजमध्ये नेऊन विचारलं. ती नर्स निघाली, हसत सुटली.

अमिना हसली नाही. "हे रडणं एखाद्या भारतीय कुटुंबाच्या घरातून आलं असतं, तर वॉचमनला आणलं असतं?"

हो म्हणायला नीलांबरीनं तोंड उघडलं होतं. "नाही," ती म्हणाली. "आधी बेल वाजवली असती."

उस्मानकडून बातमी अमिनाच्या घरमालकापर्यंत गेली आणि घरात शूटिंग करायचं नाही असा निरोप आला. राहिली होती ती नेमकी अमिनाची गोष्ट. दिवे, कापडं खाली जाताना नीलांबरीनं पाहिली. जेवण झाल्यावर तिनं आपल्या घरमालकाला फोन लावला. शेवटी तिनं अमिनाची बेल वाजवली. आपला फ्लॅट दुसऱ्या मालकाचा आहे, त्याला विचारलंय, आमचं स्वयंपाकघर घ्या, असं तिनं सांगितलं.

अमिना दार अर्धंच उघडून उभी होती. "का?"

"माझ्यामुळे अडलं म्हणून."

"आणि आमच्यावर लक्ष ठेवायला बसणार?"

"बसणार. घर माझं आहे."

हे सरळ उत्तर अमिनाला पटलं, तिनं दार पूर्ण उघडलं.

शुक्रवारी शूटिंग झालं. नीलांबरी फ्रिजशेजारी स्टूल टाकून बसली, भांडी मोजून घ्यावीत असंही एकदा तिच्या मनात आलं. गोष्ट होती रिकाम्या घरात हाका ऐकू येणाऱ्या एका मोलकरणीची. ही मरते कधी, असं नीलांबरीनं अमिनाला हळूच विचारलं.

"भुताच्या सिनेमात आम्ही काळी माणसं कायम पहिली मरतो," अमिना म्हणाली. "माझ्या गोष्टीतली मुलगी मरत नाही. भूतच घर सोडतं."

सिनेमा तयार झाल्यावर एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये दाखवला. शहाजीही आला होता. पडद्यावरची मुलगी दार उघडून उन्हात गेली तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. नीलांबरीही उठली. गर्दीतून अमिना तिच्याकडे बघत होती, टाळ्या मनापासून आहेत का ते पारखत.