यंत्राचा बघण्याचा कार्यक्रम

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या, तोंडात साठीतच एकही दात उरला नव्हता. मी लग्न होऊन ठाण्याला नौपाड्यात आले त्याच्या आदल्याच वर्षी डॉक्टरांनी उरलेसुरले दात काढून टाकले आणि छानशी कवळी करून दिली. ती त्यांनी थोडे दिवस लावली, मग "टोचते" म्हणाले आणि एका पितळी डब्यात घालून देवघराशेजारच्या फडताळात ठेवून दिली. मी त्या घरात आले तेव्हा ती तिथेच होती.

दात नाहीत म्हणजे मामंजींचं सगळंच जेवण वाटून करायचं. भाकरी दुधात भिजवून वाटायची, भाजी शिजवून वाटायची, काकडीसुद्धा वाटायची. डॉक्टरांनी फळं खायला सांगितलेली, म्हणून केळं, पपई, चिकू, जे मिळेल त्याचा गर करून दुधात कालवायचा. आणि हे सगळं पाट्यावर, सोवळ्यात, सकाळी आंघोळ झाल्याबरोबर. त्यालाही एक क्रम होता. आधी फळं, मग भाकरी, मग भाजी आणि सगळ्यात शेवटी मिरची. क्रम चुकला की पपईला मिरचीचा वास लागलाच म्हणून समजा. मामंजी नऊच्या ठोक्याला पानावर बसत, पहिला घास जिभेवर घोळवत आणि म्हणत, "सूनबाई, आज गुठळी आहे."

मोठ्याने कधी म्हणाले नाहीत. रागावले तर नाहीतच. लोक म्हणायचे, केवढा शांत माणूस! माझ्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा.

घरात बायकांपैकी आणखी होत्या त्या आत्याबाई, मामंजींच्या धाकट्या बहीण. तरुणपणीच विधवा होऊन भावाच्या घरी परत आलेल्या. सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या, त्यामुळे स्वयंपाकघर आत्याबाईंचं. त्यांचं सोवळं फार कडक. बाहेरून आलेली वस्तू, मग ती चमचा का असेना, पाण्यातून काढल्याशिवाय उंबरा ओलांडून आत यायची नाही. पहिल्या वर्षभरात मला त्यांची धास्ती वाटायची आणि रागही यायचा. पण त्यांचे गुडघे गेलेले होते, नाहीतर वाटण त्यांनीच केलं असतं, एवढं मला कळत होतं.

मग एका दिवाळीनंतर जवळच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई घरी आल्या. मी इंटर झालेली आहे हे त्यांना कुठूनतरी समजलं होतं. सकाळच्या शाळेत खालच्या वर्गांना एक बाई हवी होती. मामंजींनी त्यांना आदराने बसवलं, चहा दिला. स्त्रियांनी शिकलं पाहिजे, शिकवलं पाहिजे, असं दहा मिनिटं बोलले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. शेवटी मामंजी म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही. फक्त सकाळी माझ्या जेवणाचं काय, एवढाच प्रश्न आहे."

एवढाच प्रश्न! त्या प्रश्नात माझी अख्खी सकाळ होती. बाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते, तोवर ठरवा.

त्या रात्रीच ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, यंत्राची गोष्ट काढली. ह्यांच्या ऑफिसातल्या डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडे विजेवर चालणारं एक यंत्र होतं. त्यांच्या भावाने आफ्रिकेतून आणलेलं. वर काचेचं उभट भांडं, त्याच्या तळाशी पाती. फळं घातली, दूध घातलं, बटण दाबलं की मिनिटभरात पातळ गर तयार. ते गृहस्थ आता बदली होऊन लांब चालले होते आणि यंत्र विकायचं म्हणत होते. किमतीचं काही अडत नव्हतं, ते मामंजींनी आधीच सांगून टाकलं. "पण घेण्याजोगं आहे का, ते पाहायला हवं," असंही सांगितलं.

म्हणून एका रविवारी आम्ही यंत्र पाहायला डोंबिवलीला गेलो. मामंजी, हे आणि मी. मामंजींनी पिशवीत आपल्या घरची केळी घेतली, कारण दुसऱ्याच्या केळ्यांवरून काय कळणार?

त्या घरातल्या बाईंनी यंत्र टेबलावर भरतकामाच्या रुमालाखाली झाकून ठेवलं होतं. रुमाल काढला आणि मामंजींनी चष्मा पुसला. कुठलं आहे? घरात येऊन किती वर्षं झाली? आवाज किती करतं? कधी बिघडलं होतं का? स्वभावाने, म्हणजे चालायला, कसं आहे? त्यांनी ते तिरकं करून खालून पाहिलं, भांड्यावर टिचकी मारून पाहिली, दोरीसारखी लांब वायर बोटांनी चाचपून पाहिली. मग म्हणाले, "चालवून दाखवा."

मला माझ्या माहेरी झालेली बघण्याची बैठक आठवली. मलाही चालून दाखवायला सांगितलं होतं, पण प्रश्न फक्त दोनच विचारले होते. स्वयंपाक येतो का, आणि चष्मा तर नाही ना. माझा आवाज किती, मी कधी बिघडते का, हे कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. त्या यंत्राचा मला क्षणभर हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

यंत्र घरघरलं. केळी, दूध, साखर यांचा फेस झाला. बाईंनी पेला भरून मामंजींच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, डोळे मिटले. माझी शाळा त्या घोटात अडकली होती.

"गुठळी नाही," मामंजी म्हणाले.

मला रडू यायचं बाकी राहिलं. घरी येताना वाटभर मी मनातल्या मनात पहिलीच्या वर्गाला बाराखडी शिकवत होते.

पण मामंजी असे एका घोटाने भुलणारे नव्हते. संध्याकाळी ते मासुंदा तळ्याच्या काठी पेन्शनर मंडळींत जाऊन बसत. तिथे यंत्राचा विषय निघाला आणि रोज तिथून एकेक शंका घरी यायला लागली. वेगाने फिरवल्याने फळातलं सत्त्व जातं म्हणे. विजेची उष्णता अन्नात उतरते म्हणे. पाट्यावरच्या वाटणाला हाताची चव असते, ती यंत्राला कुठून येणार? हे शेवटचं म्हणताना मामंजींनी माझ्या हातांकडे कौतुकाने पाहिलं. माझ्या तळहातांना घट्टे पडले होते आणि उजवा खांदा पावसाळ्यात धरायचा. त्या कौतुकाचं मी काय करू?

आणि हे? ह्यांचं सगळंच बरोबर. माझ्याजवळ, "घ्यायलाच हवं." वडिलांजवळ, "तेही खरंच आहे म्हणा." दोन्हीकडे मान डोलावून माणसाची मान दुखत कशी नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. वीस वेळा तरी मी म्हटलं असेन, "अहो, एकदा स्पष्ट बोला ना." ते म्हणायचे, "बोलतो गं, वेळ पाहून."

शेवटी बोलल्या त्या आत्याबाई. एका दुपारी मामंजी आडवे झाले होते, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, आणा ते यंत्र. पोरगी शिकलेली आहे. जाऊ दे तिला." भावासमोर इतकं बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मामंजींनाही नवल वाटलं असावं. ते म्हणाले, "तुझ्या सोवळ्यात चालेल?" आत्याबाई म्हणाल्या, "ते मी बघते."

शनिवारी संध्याकाळी हे डोंबिवलीहून यंत्र घेऊन आले. मी धावत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना सांगून आले की सोमवारपासून येते. बाईंनी माझा हात हातात घेतला आणि फळा नीट पुसायची सवय ठेवा म्हणाल्या. त्या रात्री मी कपाटातून निळ्या काठाची साडी काढून उशाशी ठेवली.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात पाटावर यंत्र मांडलेलं होतं. लख्ख पुसलेलं, भांड्यावर तुळशीचं पान. घरात तेव्हा विजेचे फक्त दिवे होते. हे स्टुलावर चढले, दिवा काढून त्या जागी वायर जोडली. मामंजी पानावरून उठून दारात आले. मी स्वतःच्या हाताने पपईच्या फोडी भांड्यात घातल्या, दूध ओतलं आणि बटण दाबलं.

ते नुसतं कण्हलं. मग खालून निळी ठिणगी उडाली, जळका वास सुटला आणि घरातली वीजच गेली. कुणी काही बोलायच्या आत यंत्राच्या बुडाखालून पाणी ओघळून पाटावर आलं.

"धुतलंय कुणी हे?" हे ओरडले.

"मी," आत्याबाई म्हणाल्या. "बाहेरून आलेलं न धुता आत कसं घेणार? चांगलं विहिरीच्या पाण्यात बुडवून काढलं. कोरडं करकरीत पुसलंसुद्धा." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुला रोज सोवळ्यात वापरता यावं म्हणून गं."

त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही. आयुष्यभर ज्या पाण्याने त्यांनी सगळं शुद्ध करून घेतलं, त्याच पाण्याने हे काय झालं, ते त्यांना उमगतच नव्हतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्या घरात माझ्या बाजूने एकच माणूस उभं राहिलं होतं आणि त्या आत्याबाईच होत्या, मग ओरडणार कुणावर?

स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने यंत्र उघडून पाहिलं. आतली तार जळलीय, नवी गुंडाळून देतो, आठवडाभर ठेवा, म्हणाला. म्हणजे ते दुरुस्त होणार होतं, हे लक्षात घ्या. हे घरी येऊन तसं म्हणाले. मामंजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "जाऊ दे. एकदा दगा दिला ती वस्तू पुन्हा कशाला? घेण्याजोगं नव्हतंच ते, मला आधीच वाटत होतं." हे म्हणाले, "तेही खरंच आहे."

सोमवारी मी शाळेत गेले ते नाही म्हणायला. मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या आणि "बरं" म्हणाल्या. निळ्या काठाची साडी मी घडी न मोडता परत ठेवली.

त्याच आठवड्यात गल्लीत पाट्याला टाकी लावणारी बाई ओरडत आली. मामंजींनी स्वतः तिला हाक मारून आत घेतलं. पाटा झिजला की त्याला छिन्नीने पुन्हा खरखरीत करतात, तसा आमचा करून घेतला. समोर खुर्ची टाकून बसले आणि इथे अजून एक ठोका, तिथे अजून एक, असं सांगत होते. काम झाल्यावर मला म्हणाले, "बघ, नवाकोरा करून दिला तुला." ह्याला मात्र तळ्यावरच्या कुणाचाच सल्ला लागला नाही.

पुढे थंडीत कल्याणला नात्यातलं एक लग्न होतं. घरचंच कार्य, म्हणून आम्ही सुना वाढायला. मी पापडांची परात घेऊन पंगतीत फिरत होते. पुरुषांच्या पंगतीत, व्याही मंडळींच्या शेजारी, मामंजी बसले होते. मी वाकून विचारणार, मठ्ठा आणू का, तर त्यांनी माझ्या परातीतून पापड उचलला आणि कडकन तोडला. पानात अर्धा खाल्लेला बुंदीचा लाडू होता. मामंजी हसले, तेव्हा तोंडभर दात दिसले. पांढरे शुभ्र, एकसारखे.

मी तशीच उभी राहिले. मागून कुणीतरी "पापड, पापड" म्हणत होतं.

मामंजींना माझी नजर कळली. संकोच वगैरे काही नाही. आवाज खाली आणून, समजूत घातल्यासारखे म्हणाले, "चारचौघांत बरं दिसत नाही गं. घरी काय, तू आहेस."

रात्री ठाण्याला परत आल्यावर मी आत्याबाईंना हे सांगितलं. यंत्र आपल्यामुळे गेलं, पोरीची शाळा आपल्यामुळे गेली, असं त्या तोवर रोज म्हणत असत. त्या रात्री त्या नुसत्या माझ्या तळहाताकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटा मांडायला गेले तर त्यांनी हाताने अडवलं. मामंजींचं पान त्यांनी वाढलं. अख्खी भाकरी, फोडींची भाजी, पपईच्या फोडी. आणि मिठाच्या शेजारी तो पितळी डबा. मामंजी पानावर बसले. डब्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. डबा उघडला नाही. हात जोडून पानाला नमस्कार केला आणि न जेवता उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. शांतपणे. रागावले नाहीतच.

घरात कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. थोड्या वेळाने हे आत आले, माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "वाटून दे ना. म्हातारा माणूस उपाशी राहायला नको."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईने यापुढे काय करायचं होतं?

मी पाटा मांडला. टाकी ताजी होती, पपई दोन हातांतच लोण्यासारखी झाली. मामंजी परत येऊन पानावर बसले, पहिला घास जिभेवर घोळवला, आणि सगळ्यांदेखत, अगदी मनापासून म्हणाले, "वा सूनबाई! आज एकही गुठळी नाही."

आत्याबाईंनी पितळी डबा उचलला, विहिरीच्या पाण्याने धुतला, पुसला आणि फडताळात होता तिथे ठेवून दिला.