डब्यातल्या उरलेल्या गोळ्या

सकाळचा चहा झाला की तात्याराव दिल्लीतल्या मयूर विहारच्या घराच्या बाल्कनीत स्टीलचा डबा उघडून बसत. डब्यात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या. स्ट्रिपचा रिकामा भाग कात्रीने कापून ते भरलेला भाग नीट लावून ठेवत. सोसायटीत कुणाचा घसा धरला, की डबा उघडे. स्वतःचा ताप उतरला की तेही गोळ्या थांबवत. राहिलेल्या डब्यात जात. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला, अकोल्याहून आलेला हा माणूस काही वाया जाऊ देत नसे.

भाची मृणाल त्यांच्याकडे राहून जंतूंवर संशोधन करत होती. ती चिडायची.

"मामा, कोर्स पूर्ण करायचा असतो."

"ताप गेला ना? आता काय जंतूंच्या बारशाला गोळ्या खाऊ?"

मग ती समजावायची. एका जंतूचे दोन होताना आतल्या जनुकांच्या मजकुराची नक्कल होते, आणि नकलेत कधीतरी चूक राहते. बहुतेक चुका वाया जातात. एखादी मात्र त्याला औषधातून वाचवते. गोळी ती चूक घडवत नाही. बाकीच्यांना मारून तिला जागा मोकळी करून देते. शिवाय जंतू शेजाऱ्याला चिकटून आपली युक्ती त्याला देऊन टाकतो. मेलेल्यांचे तुकडे उचलतो. कधी विषाणूही एकाचं दुसऱ्याकडे पोहोचवतो.

"म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच," तात्याराव म्हणत. "गुप्ताजींनी इन्व्हर्टर घेतला, की महिन्यात सगळ्यांकडे."

"हसू नका, मामा."

"बरं, बिल्कुल नाही हसत."

या हिवाळ्यात त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली. डब्यातल्या चार गोळ्यांनी बरं वाटलं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तो हलेना. शेवटी अ‍ॅडमिट केलं, तपासणीसाठी लघवी आणि रक्त गेलं, आणि मृणाल रिपोर्टची वाट पाहत बसली.

लॅबमधल्या बशीत जंतू वाढायला वेळ लागतो, हे तिच्याइतकं त्या वॉर्डात कुणाला ठाऊक असणार? रोज स्वतःच्या बशांकडे ती शांतपणे पाहायची. आता दर थोड्या वेळाने फोन उघडायची. मामांच्या अंगात ती नक्कल चालूच होती, घाईघाईने, चुकत. त्यांच्या जंतूंना ही युक्ती डब्याने दिली, दवाखान्याने, की पाण्याने, हे कुणालाच सांगता आलं नसतं. तरी ती मनात तेच उकरत राहिली.

रिपोर्ट आला तेव्हा तिने तो उभ्याउभ्याच वाचला. एकेका औषधापुढे एकच शेरा: उपयोग नाही. खाली फक्त एक औषध उरलं होतं. शिरेतून द्यायचं, मूत्रपिंडाला जड.

"चालू करतोय," डॉक्टर हिंदीत म्हणाले. "पण संसर्ग रक्तात गेलाय. उशीर झालाय थोडा."

'थोडा' म्हणजे किती, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

संध्याकाळी त्यांना आयसीयूत हलवायला माणसं आली. तिने मामांचा हात धरला. तो तापलेला होता. तिचा चेहरा पाहून त्यांना काही कळलं असावं, किंवा नसावंही. त्यांच्याशी शेवटचं धड बोलणं झालं ते तेव्हाच. दोन दिवसांनी ते गेले.

त्या संध्याकाळी स्ट्रेचर वॉर्डाच्या दाराशी पोहोचलं, तसा त्यांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला.

"हा तू ठेव गं. ही लोकं कुठेतरी ठेवतात, मग शोधत बसावं लागतं."