घरून आणलेला कप

बाईसाहेबांनी पिशवीतून कप काढला आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवला. कान तुटलेला. अकोल्याला त्यांच्या मागच्या ओट्यावर तो एका बाजूला उपडा असायचा. माझा कप. मुंबईला येताना त्यांनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता.

"त्याले सांग," त्या म्हणाल्या, "हिचा चहा याच्यात टाका म्हणा. तुमचा कप हिले देऊ नका."

बेअरा किटली घेऊन उभा होता. पांढरे हातमोजे घातलेला.

"बाईसाहेब, त्यांना हिंदी कळतं."

"हिंदी बोललं का इथं हलकं समजतात. इंग्रजीतच सांग. त्याच्यासाठीच तर आणलं तुले."

ते खरं होतं. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं होतं, आणि डॉक्टर इंग्रजीशिवाय बोलत नव्हता. त्यांचे यजमान, साहेब, कापसाच्या सौद्यात गुंतलेले. मी अमरावतीच्या मिशनच्या शाळेत शिकलेली. आई तेव्हा तिथे झाडझूड करायची, म्हणून सिस्टरांनी मला फुकट घेतलं होतं. साहेब अकोल्याच्या मुलींच्या शाळेचे अध्यक्ष होते. मुंबईहून परतलो की मास्तरणीची ऑर्डर काढतो, असं त्यांनी आईला सांगितलं होतं. आईने तेवढ्यावर शेजारच्या घरांत गूळ वाटला होता.

समुद्राजवळच्या गल्लीतलं ते हॉटेल लहान, पण भारी. मोजक्या खोल्या, प्रत्येक खोलीच्या पडद्यांचा रंग निराळा. उशीवर गुलाबाचं फूल. साहेबांची खोली वेगळी. आमच्या खोलीत दोन पलंग होते. एकावर बाईसाहेब, दुसऱ्यावर त्यांच्या बॅगा. मी गालिच्यावर निजले. नोकरी डोळ्यांपुढे होती.

आता सकाळची न्याहारी चालली होती. शेजारी एक गोरं जोडपं. खिडकीपाशी एक म्हातारे पारशी गृहस्थ. सगळ्यांपुढे सारखे कप, सोनेरी काठाचे. काल त्यातून कोण प्यालं, आत ते कोण धुतं, बाईसाहेबांनी विचारलं नव्हतं. त्यांच्या ओठांना तो चालत होता. सगळं जग चालत होतं. मी नाही.

"काहून थांबली? बोल ना. सांगून राहिली ना मी तुले."

शाळेत सिस्टर म्हणायच्या, तुझा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नाही. वाक्य डोक्यात तयार होतं. व्याकरणात चूक नव्हती. तेवढ्यात ध्यानात आलं, की हे वाक्य बाईसाहेबांना स्वतः म्हणता येत नाही. त्यासाठी त्यांना माझं तोंड लागतं.

मी उभी राहिले. बेअऱ्याला इंग्रजीत म्हणाले, "बाईंना चहा द्या. मला नको. हा कप यांनी माझ्यासाठी घरून आणलाय, कारण मी महार आहे. तुमचे कप माझ्यामुळे बाटतील असं यांचं म्हणणं आहे."

आवाज खिडकीपर्यंत गेला. पारशी गृहस्थांनी वर पाहिलं. मग वर्तमानपत्राचं पान उलटलं. गोरी बाई पावाला लोणी लावत राहिली. बेअऱ्याने बाईसाहेबांचा कप भरला आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला. बस. एवढंच झालं.

"काय सांगितलं तू त्याले?"

मी शब्दन् शब्द मराठीत सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "लोकाइसमोर माही इज्जत काढली. तुले आमी धर्मशाळेत नाही उतरवलं, इथं आणलं. अन् तू?"

दुपारी साहेबांनी मला व्हरांड्यात बोलावलं. ते रागावले नव्हते. "पोरी, नोकरीचं आता इसरून जाय," म्हणाले. मी त्याच दिवशी तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसले.

आईने ऐकून घेतलं. चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, "एक कप प्याली असती त मेली असती का तू? इथं तं रोज पेत होती."

ती खोटं बोलत नव्हती. वर्षभर बाईसाहेबांकडे कामाला जाताना मी त्या ओट्यावर बसून प्यालेच होते. आम्ही बौद्ध झालो तरी ओटा तोच होता.

अकोल्याच्या शाळेत दुसरीच मुलगी लागली. मी अर्ज करत राहिले. साहेबांचे सोयरे बऱ्याच शाळांच्या कमिट्यांवर आहेत. गोष्ट माझ्याआधी पोचते.

उद्या मोर्शीच्या एका शाळेत मुलाखत आहे. मिळेल असं वाटत नाही. आई म्हणते, घरून पाणी घेऊन जाय, तिथं मागू नको. मी नेणार नाही. तहान लागली की त्यांच्याच माठातलं मागेन, आणि मी कोण ते आधी सांगून मागेन. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी माझ्या तोंडावर, स्वतःच्या तोंडाने म्हणावं. त्यांच्या वतीने ते मी बोलणार नाही.