शैक्षणिक साहित्य : बांगडा, एक नग

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा छापखान्यात होते आणि मानखुर्दच्या आमच्या खोलीत फळीवर अंथरायला, वह्यांना कव्हर घालायला, चपात्या गुंडाळायला, सगळ्याला पत्रकंच. इतर मुलांनी ‘कमळ’ आणि ‘बदक’ वाचलं, मी ‘जाहीर निषेध’ वाचला. त्यामुळे घाटकोपरच्या एका शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी फाटकातल्या पाटीवर माझी नजर अडकली: ‘शाळेच्या आवारात फक्त शाकाहारी डबा आणावा.’ त्याच रात्री पत्रकाचा मसुदा तयार होता. शीर्षक: ‘डब्यावरचा पहारा’.

ते पत्रक निघायला बराच उशीर झाला. छापून आलं आणि ऐन वाटायच्या वेळी अडवलं ते आमच्या विज्ञानाच्या बाईंनी.

बाई कोळीवाड्यातल्या. त्यांची बहीण आजही बाजारात मासळी घेऊन बसते. बाईंनी मात्र या शाळेत तीसेक वर्षं बटाट्याची भाजी खाल्ली होती. “रिटायर झाले ना, की बटाट्याला घरात पाय ठेवू देणार नाय,” असं त्या डबा उघडताना रोज म्हणायच्या. निवृत्तीला एकच वर्ष राहिलं होतं आणि त्या वर्षात त्यांना एकच गोष्ट हवी होती, दहावीचं विज्ञान. दरवर्षी दहावी त्यांचीच असायची.

तेवढ्यात ऑनलाइन कोर्सचा फतवा आला. पाचवी ते दहावीच्या सगळ्या शिक्षकांनी पोर्टलवरचे व्हिडिओ बघायचे, प्रश्न सोडवायचे आणि शेवटी स्वतः एक व्हिडिओ बनवून टाकायचा. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं, “महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत ज्यांचं प्रमाणपत्र येणार नाही, त्यांना यंदा दहावी नाही. विज्ञान मग नव्या सरांकडे जाईल.” हे कोणासाठी होतं, ते सगळ्यांना कळलं.

व्हिडिओ पळवून पुढे नेता येत नसत. म्हणून आमच्याकडे एक पद्धत पडली होती. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे फोन तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्याला टेकवून रांगेत उभे करायचे. अकरा फोनमधून तोच कोट घातलेला तज्ज्ञ, दोन-दोन सेकंदांच्या फरकाने, ‘अध्ययन आनंददायी कसे करावे’ ते सांगत असायचा. आम्ही शेंगदाणे खात गप्पा मारायचो. दर दहा मिनिटांनी पी.टी.चे सर शिट्टी मारायचे, की आम्ही सगळे उठून ‘पुढे’ दाबायचो. त्या रांगेत माझाही फोन होता. क्रांती वगैरे ठीक आहे, पण एकूण बेचाळीस व्हिडिओ होते.

बाईंचा फोन तेवढा रांगेत नसायचा. त्या फोन कानाला लावून तज्ज्ञाशी भांडायच्या. “अरे बाबा, साठ मुलं आहेत माझ्या वर्गात, गट करून बसवू कुठे? तुझ्या डोक्यावर?”

प्रश्नांत त्यांना सगळ्यांत जास्त गुण मिळाले. अडलं ते शेवटच्या व्हिडिओवर. त्यांनी फळ्यावर माशाच्या कल्ल्यांची सुरेख आकृती काढून शिकवलं आणि तो व्हिडिओ परत आला. शेरा होता: ‘आकृती पाठ्यपुस्तकातील आहे. परिसरातील साहित्य वापरावे.’ आणखी एकच संधी होती.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, बाईंनी मला जिन्यात गाठलं. “काय गो, तुझा फोन चांगला आहे ना? शुक्रवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत ये. बांगडा आणतेय.”

“शाळेत?” मला आनंदाची उकळी फुटली. “बाई, हे तर झकास! पत्रक पण शुक्रवारीच वाटते. ‘विज्ञानाच्या शिक्षिकेने पहारा मोडला’...”

“गप गो! तुझं पत्रक निघालं तर माझी दहावी गेली. शनिवारपर्यंत तोंडाला कुलूप लाव. नंतर तुला काय पेटवायचं ते पेटव.”

तत्त्व आणि बाईंची दहावी यांत मी कोणाची बाजू घ्यावी, यावर मी दोन दिवस विचार केला, असं लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे बाई डोळे वटारून बघत होत्या आणि मी मान हलवली.

शुक्रवारी बांगडा आला, एकीत एक घातलेल्या चार पिशव्यांत. प्रयोगशाळेची दारं लावली. पिशव्या सुटल्या आणि वास सगळ्या टेबलांवरून फिरून आला. आता काय करायचं? कपाटात सरस्वतीपूजनातली अगरबत्ती उरलेली होती. मी दोन लावल्या, समाधान होईना म्हणून सहा लावल्या. फोन स्टूलवर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. बाईंनी कात्रीने कल्ल्यावरचं झाकण कापून उचललं. आत लालभडक कंगवे. “विद्यार्थ्यांनो,” त्या रिकाम्या बाकांना म्हणाल्या, “मासा पाणी पितो असं आपल्याला वाटतं. तो पाणी तोंडात घेतो आणि इथून सोडतो. मधल्या मधे त्यातला प्राणवायू काढून घेतो.” त्यांनी ड्रॉपरने माशाच्या तोंडात पाणी सोडलं आणि ते कल्ल्यांतून बाहेर आलं. इतकी वर्षं मासे खाऊनही मी हे कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं.

“अगरबत्तीचा केवढा वास! प्रयोगशाळेत पूजा कसली आहे?” मोठ्या बाई आत आल्या होत्या. बांगड्याने त्यांना बोलावलं नव्हतं, माझ्या सहा अगरबत्त्यांनी बोलावलं होतं.

माझी वाट लागली. तोंडातून एवढंच निघालं, “मॅडम, रेकॉर्डिंग चालू आहे.”

शाळेतल्या माणसाला एक खोड असते. तपासणीला कोणी आलं, की हातातलं सगळं टाकून तो आदर्श पाठ सुरू करतो. मोठ्या बाईंनी फोनकडे पाहिलं. पदर सारखा केला. चेहऱ्यावर एक हसू आलं, जे आम्ही फक्त शिक्षणाधिकारी आल्यावर बघायचो. “छान! विद्यार्थ्यांनो, नीट बघा हं,” असं त्या बाकांना म्हणाल्या. बाकांवर कोणीही नव्हतं.

बाईंनी संधी सोडली नाही. “आता मोठ्या बाई आपल्याला सांगतील, कल्ले लाल का असतात?”

मोठ्या बाई मूळच्या गणिताच्या. त्या घाबरत पुढे झुकल्या, नाकाजवळ हात नेला, कॅमेरा आठवला, हात खाली घेतला. “रक्त... रक्तामुळे?”

“शाब्बास!” बाई म्हणाल्या.

मी फोन बंद केला. आता मोठ्या बाईंचा आवाज नेहमीचा झाला. “बाई, हे काय आणलंत शाळेत?”

“शैक्षणिक साहित्य, मॅडम. परिसरातलं. त्यांनीच मागितलंय.”

“आणि फाटकातली पाटी?”

“पाटी डब्याची आहे. हा पिशवीतून आलाय.”

मोठ्या बाईंनी एकदा बांगड्याकडे आणि एकदा माझ्या फोनकडे पाहिलं. मी जीभ दाताखाली धरून उभी होते.

“मी आलेय का त्यात?” मोठ्या बाईंनी मला विचारलं.

“आलात, मॅडम.”

“पदर नीट होता?”

“एकदम.”

“विश्वस्तांनी बघितलं तर?”

“पोर्टल कोण बघतं, मॅडम?” बाई म्हणाल्या. “आपण तरी बघतो का?”

मोठ्या बाई दारापर्यंत गेल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, “खिडक्या उघडा. आणि त्या अगरबत्त्या विझवा आधी.”

शनिवारी दुपारी प्रमाणपत्र आलं. तपासणाऱ्यांनी खास शेरा दिला होता: ‘मुख्याध्यापकांचा सक्रिय सहभाग कौतुकास्पद.’ मोठ्या बाईंनी तो शेरा दोनदा वाचला, मग वेळापत्रकात दहावीच्या विज्ञानापुढे बाईंचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. सोमवारी मी पत्रक वाटलं. पाटी अजून आहे. मीही अजून आहे.

पण पोर्टल कोणी बघत नाही, हे बाईंचं म्हणणं खोटं निघालं. पंधरा दिवसांनी व्हिडिओखाली चंद्रपूरकडच्या एका शिक्षकाचा प्रश्न आला: ‘बाई, आमच्याकडे बांगडा मिळत नाही. तळ्यातला मरळ चालेल का?’ बाबांच्या छापखान्यातून एवढी पत्रकं निघाली, पण उलट प्रश्न विचारणारं कोणी मला आठवत नाही. मला जरा हेवा वाटला.

बाईंना टाइप करायचा कंटाळा. मधल्या सुट्टीत त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले.

“लिही. मरळ चालेल सर, पण मरळ वर येऊन बाहेरची हवाही घेतो. तेव्हा मुलांना आधी तळ्यावर न्या, जिवंत मरळ दाखवा. मग कापा. आणि हे पण लिही गो, अगरबत्ती लावू नका म्हणावं.”